चौदा भाग वाचणाऱ्यांच्या बाजूने

1993 साली रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेचा पाचवा भाग आला. त्याच्या शेवटाजवळ ॲस्मोडियन नावाचं एक पात्र एक दार उघडतं, समोर कोणाला तरी पाहून हादरतं आणि तिथेच मरतं. कोणी मारलं ते लेखकाने लिहिलं नाही. सहाव्या भागात सांगितलं नाही, सातव्यातही नाही. उत्तर छापून आलं 2010 साली, तेराव्या भागात. तेही कथेच्या ओघात आलं नाही, पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत चार शब्दांत उरकलं. (खुन्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांचा त्या नावावर हक्क आहे.)

मधल्या सतरा वर्षांत वाचकांनी काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. त्यांनी संशयितांची यादी केली. त्या दिवशी त्या शहरात कोण होतं, कोण असू शकत होतं. ॲस्मोडियन ज्याला पाहताक्षणी ओळखेल आणि घाबरेल असं कोण. त्याच्या मरणाने कोणाचं फावलं. प्रत्येक नावापुढे बाजूचे आणि विरुद्ध मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्याला कथेतल्या प्रसंगाचा आधार. आधार नसेल तर मुद्दा बाद. नवा भाग आला की यादी पुन्हा तपासली जायची. कोणी सुटायचं, कोणी नव्याने अडकायचं. सह्यांच्या कार्यक्रमात कोणी जॉर्डनला विचारलंच, तर तो म्हणायचा की लक्ष देऊन वाचणाऱ्याला उत्तर दिसतंच आहे. इतर बहुतेक प्रश्नांवर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: वाचा आणि शोधून काढा.

मला मांडायचं आहे ते एवढंच, की हा आनंद पूर्ण अर्थाने वाचनाचा आनंद आहे आणि वाचनाची काळजी वाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला वाचन म्हणून मोजायला हवं. आज आपण तसं मोजत नाही. पंधरा वर्षांची मुलगी आठशे पानांचा एक भाग घेऊन खिडकीत बसते तेव्हा घरातली मोठी माणसं सांगतात, हे राक्षस आणि जादू पुरे, आता काहीतरी चांगलं वाच. परिसंवादात वक्ते म्हणतात की तरुण वाचत नाहीत. मग श्रोत्यांतून कोणी उठून सांगतं की मी एका मालिकेचे चौदा भाग वाचले, काही भाग तर दोनदा. मंचावर कौतुकाचं हसू उमटतं आणि चर्चा जिथे होती तिथेच पुढे चालू राहते. चौदा भाग वाचणारा माणूस 'वाचक' या हिशेबात धरलाच जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. त्याहून जास्त, मला ते आपलं नुकसान वाटतं.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग 1990 साली आला, चौदावा जानेवारी 2013 मध्ये. मध्ये 2004 साली एक पूर्वकथाही आली. इंग्रजीत सगळं मिळून सुमारे 44 लाख शब्द होतात, आणि नावानिशी येणारी पात्रं दोन हजारांहून अधिक. कल्पना अशी की काळ हे सात युगांचं चक्र आहे, ते फिरत राहतं, युगं येतात, जातात आणि पुन्हा येतात. हे वाचताना आपल्याला ओळखीचं वाटतं ते योगायोगाने नाही. कालचक्राची कल्पना आपण हिंदू विचारातून घेतली हे जॉर्डन उघड सांगत असे. त्याच्या जगात विश्वाला चालवणाऱ्या शक्तीचे दोन अर्धे आहेत, एक पुरुषांना वापरता येणारा, एक स्त्रियांना. पुरुषांचा अर्धा फार पूर्वी विषारी झालेला आहे आणि तो वापरणारा पुरुष हळूहळू वेडा होतो. म्हणून जगाची सूत्रं एका मनोऱ्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या हाती आहेत, आणि जगाला वाचवणारा म्हणून ज्याची वाट पाहिली जाते तो मात्र पुरुष आहे, म्हणजे वेडा होणारच. या एका पेचातून चौदा भाग निघतात.

यावर पहिला आक्षेप पळवाटेचा. वास्तव सोसवत नाही म्हणून माणसं काल्पनिक राज्यांत जाऊन राहतात, असं म्हणतात. जॉर्डनचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा हा माणूस व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर तोफची होता. पुढे त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. त्याच्या नायकाला विजयाची चव अशी फारशी लागतच नाही. आपल्यामुळे मेलेल्या स्त्रियांची नावं तो मनात जपतो, रोज त्यांची उजळणी करतो, यादी वाढत जाते आणि त्या यादीने तो आतून दगड होत जातो. माणसं मारून आलेल्या माणसाने हे लिहिलं आहे, हे वाचताना कळतं. यात पळून जाण्यासारखं फार काही नाही.

गुलामीचंच पाहा. समुद्रापलीकडून एक साम्राज्य चालून येतं. शक्ती वापरू शकणाऱ्या स्त्रियांच्या गळ्यात ते पट्टा घालतं, त्यांची नावं काढून घेतं, त्यांना जनावरासारखं शिकवतं आणि युद्धात हत्यार म्हणून वापरतं. त्याच साम्राज्याच्या राज्यात रस्ते सुरक्षित असतात, न्याय वेळेवर मिळतो, सामान्य शेतकरी आधीपेक्षा सुखात असतो. शेवटच्या युद्धासाठी नायकाला या लोकांशी तह करावा लागतो. आणि मालिका संपते तेव्हाही ते पट्टे निघालेले नसतात. शेवटचा भाग येऊन दशक उलटलं तरी वाचक यावर भांडतात. असा तह करावा का? न करता जग बुडालं असतं तर? लेखकाने हा अन्याय तसाच ठेवला ही त्याची चूक, की प्रामाणिकपणा? मी स्वतः तह चुकीच्या अटींवर झाला असं मानणाऱ्यांपैकी आहे. पण मुद्दा तो नाही. साम्राज्य, सुव्यवस्था आणि गुलामी यांचा हा हिशेब राज्यशास्त्राच्या वर्गात जितक्या तावातावाने होत नाही तितका इथे होतो, आणि तो करणाऱ्यांनी आपलं म्हणणं पुस्तकातल्या प्रसंगांवरून सिद्ध करायचं असतं.

आता आनंदाच्या गाभ्याकडे येते. पहिल्या भागात एका सरायीत मिन नावाची एक मुलगी भेटते. तिला माणसांभोवती प्रतिमा दिसतात आणि त्या पुढे खऱ्या होतात, पण त्यांचा अर्थ तिला दर वेळी कळतोच असं नाही. ती सांगत जाते: याच्याभोवती एक भिकाऱ्याची काठी, तिरडीवर हा आणि उशाशी उभ्या तीन बायका, त्याच्याभोवती लाल गरुड, हसरा चेहरा, तराजूच्या पारड्यात ठेवलेला एक डोळा. पहिल्यांदा वाचताना हे सगळं दोन मिनिटांत मागे पडतं, कारण पुढच्या पानावर काहीतरी घडायचं असतं. तराजूतल्या डोळ्याचा अर्थ लागतो तेराव्या भागात, 1990 ची गोष्ट 2010 मध्ये. तिरडीपाशी उभ्या तीन बायका येतात चौदाव्यात. तो प्रसंग वाचताना ज्याला पहिल्या भागातली सराय आठवते त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला आठवत नाही त्याला कथा कळते, पण हा काटा मिळत नाही.

लक्षात ठेवल्याचं असं फळ देणारी लेखनपद्धती दीर्घ मालिकेलाच जमते. दोनशे पानांच्या कादंबरीत पहिल्या पानावरची खूण शेवटच्या पानावर उलगडली तर छान वाटतं. पण वाचक स्वतः वीस वर्षांनी मोठा झाल्यावर ती उलगडली तर त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा काळही त्या खुणेत मिसळलेला असतो. वयाच्या सतराव्या वर्षी जिने पहिला भाग वाचला तिने चौदावा वाचला तेव्हा ती चाळिशीत होती. पहिल्या भागात तिला खेड्यातून निघालेली मुलं जवळची वाटली असतील. चौदाव्याच्या आधी पुन्हा पहिला वाचताना तिला त्या मुलांना पाठवून दारात उभे राहिलेले आईबाप दिसले असतील. हे बदलणं वाचनामुळेच दिसतं आणि एकाच पुस्तकाकडे परत परत गेल्यामुळे दिसतं.

कारण हे वाचक परत जातातच. नवा भाग यायचा म्हटलं की मागचे सगळे पहिल्यापासून पुन्हा काढायचे, हा चाहत्यांचा शिरस्ता होता. याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: पारायण. ज्या समाजात पोथीचं पारायण करणाऱ्याला मान आहे, ज्या समाजात कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान आधीच ठाऊक असतं आणि तरी तो शेवटपर्यंत हलत नाही, त्या समाजाला हे समजायला अवघड जाऊ नये. कथा माहीत असताना ती पुन्हा ऐकण्यात जी बारकाईची चव लागते, ती चव आपण शतकानुशतकं घेत आलो आहोत. पोथीत श्रद्धा असते, इथे ती नाही, हा फरक मला मान्य आहे. पण मजकुरावरचं लक्ष दोन्हीकडे सारखंच आहे, आणि मी लक्षाबद्दल बोलते आहे.

या आनंदाची आणखी एक बाजू मला फार मोलाची वाटते. ज्यांचे सगळे भाग वाचून झाले आहेत ते नवख्या वाचकाशी कसं वागतात ते पाहा. कोणी सांगितलं की मी चौथ्या भागात आहे, तर पन्नास माणसं आपली जीभ आवरतात. उत्साहाने विचारतात, तुला काय वाटतं, हा कोण असेल? तो जे चुकीचं उत्तर देतो ते ऐकून घेतात, दुरुस्त करत नाहीत. त्याचा शोध त्याला लागू देतात. ज्ञान हातात असून ते दुसऱ्याच्या आनंदासाठी रोखून धरणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या समीक्षेत, वर्गात, घरातसुद्धा आपण नेमकं उलटं करतो: समोरच्याने पुस्तक उघडायच्या आत त्याला अर्थ सांगून मोकळे होतो.

आता आक्षेपांतला जो खरा आहे त्याबद्दल. लांबी. मालिका मध्ये पसरते. दहावा भाग 2003 साली आला तेव्हा वाचकांनी दोन वर्षांहून अधिक वाट पाहिली होती. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडून गेली होती आणि पुढे काय याची तहान लागली होती. दहाव्या भागातला बराचसा मजकूर त्याच घटनेच्या वेळी इतरत्र कोण काय करत होतं हे सांगण्यात जातो. माणसं चहा घेतात, पोशाखांची वर्णनं येतात, दूरवर काहीतरी चाललंय हे जाणवून चकित होतात, आणि कथा इंचभर सरकते. वेणी ओढणारी एक नायिका तर इतक्या वेळा वेणी ओढते की चाहत्यांत तो नित्याच्या थट्टेचा विषय आहे. स्त्रिया आणि पुरुष एकमेकांना कधीच समजू शकत नाहीत हे लेखक इतक्या वेळा सांगतो की शेवटी त्याचंच ते मत असावं असं वाटू लागतं, आणि तिथे मला तो उथळ वाटतो.

पण हे दोष सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कठोरपणे कोणी सांगितले? चाहत्यांनीच. दहाव्या भागावर जी टीका झाली ती बाहेरच्या समीक्षकांनी केली नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो उघडलाही नसेल. ती केली मालिकेवर जीव असलेल्यांनी, प्रकरणागणिक, कुठे कात्री चालायला हवी होती ते दाखवून. चाहता म्हणजे माना डोलावणारा, ही समजूत मालिकांच्या चाहत्यांना पाच मिनिटं ऐकलं तरी टिकत नाही. प्रेम आणि निकष एकत्र नांदू शकतात. खरं तर निकष लावायला लागणारा धीर प्रेमातूनच येतो, नाहीतर दहाव्या भागापर्यंत पोचतंय कोण!

आणि हेच प्रेम कधी कधी सोकावतं, हेही म्हटलं पाहिजे. चौदावा भाग आला तेव्हा छापील पुस्तक जानेवारीत आलं आणि ई-पुस्तक काही महिन्यांनी आणायचं ठरलं. हा निर्णय जॉर्डनच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल यांचा होता. त्यावर चिडून अनेकांनी विक्रीच्या संकेतस्थळावर पुस्तकाला एकेक तारा देऊन टाकला, पुस्तक न वाचता. तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्या पुस्तकाला न वाचता नापास करणं, हे वाचकाचं वागणं नव्हतं. ते गिऱ्हाइकाचं वागणं होतं, तेही उतावळ्या. जॉर्ज मार्टिन या अमेरिकी लेखकाच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेबाबतही हेच दिसतं. तिचा पाचवा भाग 2011 साली आला, सहावा अजून यायचा आहे, आणि या लेखकाला आपल्या वयाबद्दल, प्रकृतीबद्दल, सुट्टीत फुटबॉलचा सामना पाहिल्याबद्दल अनोळखी माणसांचे टोमणे ऐकावे लागतात. तिथे माझी सहानुभूती पूर्णपणे लेखकाकडे आहे. वाचकाने पहिल्या भागाचे पैसे दिले आणि पहिला भाग घेतला. पुढचा भाग लवकर मिळावा अशी इच्छा धरायला तो मोकळा आहे, लेखकाच्या आयुष्याचे तास मोजायला नाही. पण वाट पाहताना जो आनंद होतो तो कोणाच्या उशिरामुळे खोटा ठरत नाही. पाचव्या भागानंतर इतकी वर्षं ज्यांनी तर्क केले, एकमेकांशी वाद घातले, जुन्या भागांत खुणा शोधल्या त्यांना जे मिळालं ते मिळालंच आहे. शेवट कधी आलाच नाही तरी ते परत घेता येणार नाही.

शेवट न येण्याचा धोका जॉर्डनच्या वाचकांनी प्रत्यक्ष अनुभवला. एके काळी तो म्हणत असे की मी मालिका पूर्ण न करता मेलो तर माझी टिपणं नष्ट व्हावीत, संगणकातूनही पुसली जावीत, दुसऱ्या कोणी हे लिहू नये. मार्च 2006 मध्ये त्याने वाचकांना कळवलं की आपल्याला हृदयाला ग्रासणारा ॲमिलॉइडोसिस हा आजार झाला आहे. त्यानंतर त्याचं मत बदललं. शेवट कसा होतो हे त्याने घरच्यांना सांगितलं, ते ध्वनिमुद्रित झालं. काही प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवले. 16 सप्टेंबर 2007 रोजी तो गेला. हॅरिएट या त्याच्या पत्नी तर होत्याच, पहिल्या भागापासूनच्या संपादकही होत्या. त्यांनी काम पूर्ण करायला ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. सँडरसनने जॉर्डन गेल्यावर त्याच्याबद्दल एक मृत्युलेख लिहिला होता, तो त्यांच्या वाचनात आला होता. सँडरसनने किशोरवयात या मालिकेचा पहिला भाग वाचला होता. म्हणजे शेवट लिहायला बसलेला माणूस आधी वाट पाहणाऱ्यांच्या रांगेतला होता.

एका भागात संपेल असं वाटलेलं काम तीन भागांवर गेलं: 2009, 2010, 2013. मसुदे वाचायला चाहत्यांतल्या जाणकारांना घेतलं गेलं, कारण दोन हजार पात्रांतलं कोण कुठे होतं आणि कोणाला काय माहीत होतं हे त्यांना पाठ होतं. मॅट या लाडक्या पात्राचा सूर या तिघांतल्या पहिल्या भागात बिघडला, विनोद ओढूनताणून आणलेले वाटले, हे वाचकांनी लगेच सांगितलं. सँडरसनने ते मान्य केलं आणि पुढच्या भागात सूर सुधारला. शेवटच्या भागाच्या अखेरीचा बराच मजकूर मात्र जॉर्डनचाच आहे. मालिकेतल्या प्रत्येक भागाच्या पहिल्या प्रकरणात कुठेतरी वारा उठतो आणि लेखक सांगतो की चक्राला आरंभ नसतो, पण हा एक आरंभ होता. चौदा भागांच्या अखेरीस त्या वाक्याला जोड देणारं वाक्य येतं. अगदी मोजके शब्द. ज्याने फक्त चौदावा भाग उचलला त्याला त्यात काही विशेष सापडणार नाही. त्याचं वजन वाचकाने आधीच्या तेरा भागांतून सोबत आणलेलं असतं.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक अपुरी मालिका कोणीतरी पुरी करावी. टेरी प्रॅचेट यांनी आपल्या चकतीच्या आकाराच्या जगाच्या 41 कादंबऱ्या लिहिल्या आणि मागे राहिलेलं अपुरं लिखाण नष्ट करावं अशी इच्छा ठेवली. 2017 साली इंग्लंडमधल्या एका जत्रेत त्यांच्या संगणकातल्या हार्ड ड्राइव्हवरून वाफेवर चालणारा जुना रोलर फिरवण्यात आला. त्यांच्या वाचकांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते मानलं. एकाने पुरं करू दिलं, एकाने चिरडायला सांगितलं. दोन्ही वेळी शब्द लेखकाचा राहिला आणि दोन्हीकडच्या वाचकांनी तो जपला. चाहते लेखकाला ओरबाडतात असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणंही समोर ठेवावीत.

2021 पासून या मालिकेवर दूरचित्रमालिका निघाली आणि तीन पर्वांनंतर 2025 मध्ये बंद पडली. तिच्याबद्दल मला फार सांगायचं नाही. तिने नवे वाचक आणले, हे चांगलं झालं.

मोठी पुस्तकं, जादू, राजे, ही सगळी लहानपणाची गोष्ट, मोठं झालं की माणूस वास्तवाकडे येतो: ही समजूत मराठीत आली कुठून, याचा विचार मी बरेच दिवस करते आहे. आपल्या कादंबरीचा इतिहास आपण याच चालीवर शिकलो. 1861 ची 'मुक्तामाला', 1868 ची 'मंजुघोषा', या अद्भुतरम्य कादंबऱ्या म्हणजे कादंबरीचं बाळपण. मग हरि नारायण आपटे आले आणि कादंबरी वयात आली. आपट्यांचं मोठेपण कोणीही नाकारणार नाही. पण पाठ्यपुस्तकांनी या क्रमातून एक निवाडाही आपल्या डोक्यात बसवला, की अद्भुत म्हणजे कच्चं आणि वास्तव म्हणजे पक्कं. शंभर वर्षांहून अधिक काळ तो निवाडा कोणी फारसा तपासला नाही. त्याचा परिणाम असा, की ज्यांना मराठीत अशी मोठी, स्वतःचा भूगोल आणि इतिहास असलेली मालिका लिहायची इच्छा असेल त्यांना आधी माफी मागावी लागते, आणि ज्यांना वाचायची भूक आहे ते पंधराव्या वर्षी इंग्रजीकडे जातात. फोर्टच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत या मालिकेचे सुटे भाग शोधणारी मुलं मराठी घरांतलीच होती. कालचक्राची कल्पना इथली, तिचे वाचक इथले, आणि मधली चौदा पुस्तकं अमेरिकेत लिहिली गेली.

गंमत म्हणजे वाट पाहून वाचण्याचा आनंद आपल्याला नवा नाही. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. यमूचं पुढे काय होणार या काळजीने अंकाची वाट पाहणारे वाचक होते. ज्या लेखकाच्या नावाने आपण अद्भुताला कमी लेखतो त्याचे पहिले वाचकही हप्त्याहप्त्याने, एकमेकांशी बोलत, पुढचा अंक कधी येतो याकडे डोळे लावून वाचणारेच होते. मासिकांच्या दिवाळी अंकांत पुढे लघुकादंबऱ्या अख्ख्या येऊ लागल्या, ही सवय सुटली, आणि ती सवय हे वाचनाचं अंग होतं हेही आपण विसरलो.

2014 साली चाहत्यांनी एक गोष्ट केली. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या नियमांत अशी तरतूद होती की भागाभागांनी आलेली एकच कथा शेवटचा भाग आल्यावर संपूर्ण म्हणून विचारात घेता येते. तिचा आधार घेऊन त्यांनी चौदाही भाग एकच कादंबरी म्हणून सर्वोत्कृष्ट कादंबरीच्या अंतिम यादीत पोचवले. वाद झाला. 44 लाख शब्दांना कादंबरी म्हणायचं का, इतर स्पर्धकांवर हा अन्याय नाही का, मतदारांनी एवढं वाचायचं कधी. पुरस्कार मिळाला नाही, आणि तो न मिळणं मला योग्य वाटतं. एका वर्षाच्या पुस्तकांशी तेवीस वर्षांच्या कामाची तुलना करायला माप नाही. पण चाहत्यांचं म्हणणं बरोबर होतं. हे एक पुस्तक आहे. मिनच्या सरायीपासून तिरडीपर्यंत एकच धागा आहे, आणि तो सलग वाचणाऱ्याच्या डोक्यातच अखंड राहतो.

म्हणून वाचनालयांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्यांना आणि शाळांत पुस्तकखरेदी ठरवणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. मालिका घ्यायची तर सगळे भाग घ्या. पहिला, तिसरा आणि सातवा असे देणगीत आलेले भाग कपाटात लावून मुलं मालिका वाचत नाहीत असं म्हणू नका. तिसरा भाग हरवला तर तो पुन्हा विकत आणा, कारण तिसऱ्याशिवाय चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतचे सगळे भाग त्या कपाटात मेल्यासारखेच आहेत. एकच मालिका वाचणारे चार-पाच जण सापडले तर त्यांना महिन्यातून एकदा बसायला खोली द्या, बोलायला कोणी पाहुणा वक्ता बोलावू नका, त्यांचं त्यांना भांडू द्या. आणि त्यांच्यातली एखादी मुलगी म्हणाली की मला अशीच एक मालिका मराठीत लिहायची आहे, सात भागांची, तर तिला पहिल्यांदा हे विचारा की तिच्या जगात नद्या कुठून कुठे वाहतात.